सिंहगड चढता, पण उतरता का?

ताई,

माझं वय ४४. कर्वेनगरला राहते, बँकेत नोकरी करते. गेली दीड वर्षं जवळपास दर रविवारी सिंहगड चढते, आतकरवाडीतून सव्वा तासात वर. उतरताना गुडघे दुखतात म्हणून खाली येताना शेअर जीप. माझ्या १९ वर्षांच्या मुलीच्या ओळखीतल्या एका ग्रुपने डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी ‘तोरणा ते राजगड, एका दिवसात’ असा ट्रेक ठेवला आहे. साधारण ४५ जण आहेत. मुलगी म्हणते, “आई, तू दर आठवड्याला सिंहगड मारतेस, तुला काय कठीण?” नवरा म्हणतो, “या वयात हे कशाला?” मला जायचंय. पण दोन गोष्टी कुणाला विचारता येत नाहीत. एवढ्या लांबच्या वाटेवर बायकांनी लघवीचं काय करायचं, आणि नेमकी पाळी आली तर? दुसरं, मला बीपीची गोळी चालू आहे आणि गुडघ्यासाठी मी अधूनमधून पेनकिलर घेते. त्या दिवशी सकाळीच एक घेऊन निघाले तर चालेल का?

– एक वाचक, पुणे

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: खाली येताना जीप. बाकी सगळ्याकडे येतेच, पण आधी त्या जीपबद्दल बोलू.

सिंहगडाचा चढ पायथ्यापासून साधारण ६०० मीटरचा. डोंगरातल्या वेळेचा एक जुना ठोकताळा आहे, विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला: दर ५ किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने, चालीचा अर्धा तास धरून, सिंहगडाला दीड तास लागायला हवा. तुम्ही सव्वा तासात जाता. म्हणजे तुमचा दम उत्तम आहे, हृदय-फुप्फुसांची तयारी झालेली आहे. ही दीड वर्षाची कमाई आहे, आणि “या वयात कशाला” याला तेवढं उत्तर पुरेसं आहे.

पण चढताना दमाची परीक्षा होते, उतरताना मांड्यांची. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतो, गाडीच्या ब्रेकसारखा. या कामाची सवय नसेल तर स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते, दोन-तीन तासांत ब्रेक लागेनासा होतो आणि प्रत्येक पावलाचा दणका थेट गुडघ्यात बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना “आई गं” होतं ते याचंच. चांगली गोष्ट अशी की हा स्नायू फार पटकन शिकतो. चार-पाच वेळा नीट उतरलात की तेवढ्याच उताराला आधीइतकी इजा होत नाही. तुमच्याकडे उलटं चक्र झालंय. गुडघे दुखतात म्हणून जीप, जीपमुळे मांड्यांना सराव नाही, सराव नाही म्हणून पुढच्या वेळी गुडघे अजून दुखतात. दीड वर्षं तुम्ही ट्रेकच्या एका अर्ध्याचीच तयारी केली आहे.

आणि तोरणा-राजगड ही वाट त्या दुसऱ्या अर्ध्याचीच आहे. पायथ्याच्या वेल्हे गावातून तोरण्याचा चढ मोठा खरा, गड १४०३ मीटर उंच आहे, पण तो चढ तुम्हाला जमेल. बिनी दरवाजा, कोठी दरवाजा, मेंगाईचं देऊळ, इथपर्यंत तुम्ही हसत याल. खरी गोष्ट पुढे सुरू होते. गडाच्या बुधला माचीवरून (माची म्हणजे माथ्याखालचा तटबंदीचा सपाट भाग) खाली उतरणारी वाट तीव्र आहे, घसाऱ्याची, म्हणजे सुट्या खडी-मातीची आहे. डिसेंबरात उतारावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, दिसायला सुंदर आणि बुटाखाली तेल सांडल्यासारखं. मग दोन गडांना जोडणारी डोंगराची लांबलचक धार, म्हणजे सोंड, तिच्यावर चढ-उतार, सावली तुरळक. मध्येच वेल्ह्याहून भुतोंडे गावाकडे जाणारा गाडीरस्ता या वाटेला आडवा येतो. तो रस्ता लक्षात ठेवा, त्याच्यावर मी पुन्हा येणार आहे. रस्ता ओलांडला की राजगडाची चढण, अळू दरवाजातून संजीवनी माचीवर प्रवेश, आणि सगळे “आलो, आलो” म्हणत असताना अजून अख्खा राजगड उतरायचा बाकी असतो, दिवसभराच्या थकलेल्या पायांनी. दोन गडांचे चढ मिळून एका दिवसात जवळपास दोन सिंहगड होतात. उतारही तेवढाच, आणि तिथे जीप नाही.

आता घड्याळ. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. हातात उजेड ११ तासांचा. नवख्या माणसाला वेल्हे ते तोरणा माथा अडीच-तीन तास, तिथून राजगड सहा-सात तास, आणि राजगड उतरायला दीड-दोन तास. मधले थांबे धरले तर ही बेरीज उजेडात बसत नाही. मोठ्या ग्रुपमध्ये तर अजूनच नाही, कारण अवघड टप्प्यावर एकेक माणूस उतरताना बाकीचे ४० जण उभे असतात. म्हणून पहाटे पाचला, अंधारातच वेल्हे सोडलं पाहिजे आणि प्रत्येकाच्या कपाळाला स्वतःची हेडटॉर्च पाहिजे. मोबाइलचा टॉर्च चालत नाही. एक हात अडकतो आणि नेमकी लागेल तेव्हा बॅटरी संपलेली असते. ग्रुपने “सकाळी सातला पुण्यातून निघू” असं कळवलं असेल, तर मी तुम्हाला स्पष्ट सांगते, जाऊ नका.

माझा वेळेचा हिशेब असा. साडेआठपर्यंत मेंगाईच्या देवळापाशी. नऊला तोरणा सोडायचा. साडेबारापर्यंत त्या भुतोंड्याच्या गाडीरस्त्यावर. चारपर्यंत संजीवनी माची. पाचला राजगड उतरायचा पाली दरवाजा. यातली एकच वेळ मी दगडावर कोरल्यासारखी मानते, ती रस्त्याची. दुपारचा एक वाजून गेला आणि तुम्ही अजून रस्त्यावर पोहोचला नसाल, किंवा पोहोचलात पण मांड्या थरथरताहेत, तर ट्रेक तिथे संपला. पुढचा डोंगर त्या दिवशी तुमचा नाही. हे तिथे उभं राहून ठरवता येत नाही. तिथे राजगड समोर दिसत असतो, ग्रुप पुढे चाललेला असतो, मुलगी “चल ना आई” म्हणत असते, आणि थकलेल्या मेंदूला सगळंच शक्य वाटतं. म्हणून हे आज घरी ठरवा, मुलीला सांगा, लीडरला सांगा. आणि ग्रुपची एक गाडी साडेअकरापासून त्या रस्त्यावर उभी ठेवायला सांगा. फोनच्या रेंजवर हा बेत सोपवू नका, ती सोंडेवर कधी असते कधी नसते. ४५ माणसांत किमान दोघा-चौघांना तरी त्या गाडीची गरज लागतेच, तुम्ही त्यांच्यात असा वा नसा.

काही जण हीच वाट उलटी करतात, राजगडाकडून तोरण्याकडे. मला पहिल्या खेपेला तोरणा आधी बरा वाटतो, कारण बुधल्याचा घसारा सकाळच्या ताज्या पायांनी उतरून होतो. राजगड उतरतानाही गुंजवण्याकडच्या चोरदरवाजाच्या वाटेपेक्षा पाली दरवाजाची वाट मागा. चोरदरवाजाची वाट अरुंद आणि खड्या उताराची आहे. दिवसभर चालल्यावर, उजेड उतरत असताना तिथे पाय ठेवायला नको. पालीची वाट रुंद आहे, पायऱ्यांची आहे.

तयारीला तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. या रविवारी नेहमीसारखा सिंहगड चढा आणि पायी उतरा, हळू, हवा तेवढा वेळ घेऊन. दुसऱ्या रविवारी तेच, पण पाठीवर चार किलोची सॅक घेऊन. पाण्याच्या बाटल्या भरल्या की चार किलो होतातच, एक लिटर म्हणजे एक किलो. उतरताना गुडघ्यात कळ असह्य झाली तर बाटल्या रिकाम्या करा, वजन हलकं होईल. तिसऱ्या रविवारी नुसता तोरणा, वेल्ह्यातून वर आणि त्याच वाटेने खाली. ही रंगीत तालीम. पहाटे अंधारात निघण्याचीसुद्धा. चौथ्या रविवारी सिंहगड दोनदा: चढा, उतरा, अर्धा तास बसा, पुन्हा चढा, पुन्हा उतरा. पाचव्याला एकदाच आणि सावकाश. सहाव्या आठवड्यात सपाटीवर फिरणं, झोप, बाकी काही नाही. शेवटच्या आठवड्यात घाबरून केलेला सराव पायांत फक्त थकवा भरतो. मधल्या वारी दोनदा वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडी, आणि बँकेतली लिफ्ट वर जायला वापरलीत तरी उतरताना जिनाच.

निर्णय चौथ्या रविवारी घ्यायचा. दुहेरी सिंहगड सात तासांच्या आत झाला आणि सोमवारी सकाळी घरचा जिना कठड्याला न धरता, सरळ तोंडाने उतरता आला, तर बिनधास्त जा. नाही जमलं, तर त्या शनिवारी ग्रुपबरोबर तोरण्यापर्यंत जा आणि त्याच वाटेने वेल्ह्यात परत या. राजगड फेब्रुवारीत करू. आणि एक इशारा: दुखणं मांडीत असेल तर तो सराव आहे. पण गुडघ्याच्या सांध्यात एका ठिकाणी टोचत असेल, गुडघा सुजत असेल किंवा मध्येच लटपटून वाकत असेल, तर सहा आठवडे थांबू नका. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

उतरायचं कसं, हेही कुणी शिकवत नाही. पावलं छोटी. गुडघा कधी पूर्ण ताठ करायचा नाही, किंचित वाकलेला. घसाऱ्यावर घाबरून आपण मागे रेलतो आणि नेमके त्यामुळेच घसरतो. वजन पायावर, अख्खा तळवा जमिनीला, फार तीव्र असेल तर आडवं उभं राहून नागमोडी. कडक मुरमावर बारीक खडी पसरलेली असते ती सर्वांत फसवी, तिच्यापेक्षा रुतलेला दगड किंवा गवताचा बुंधा बरा. आधाराला कारवीच्या झुडपाची काठी धरायचा मोह होतो. मुळासकट हातात येते. स्वतःची एक लांब-आखूड करता येणारी काठी न्या, उतारावर ती थोडी लांब करून आधी काठी, मग पाय. बूट नवे नकोत. आज घ्या आणि सहाही रविवार तेच घाला, म्हणजे ते तुमच्या पायाचे होतील. उतरायच्या आधी बुटाची नाडी घोट्यापाशी आवळून बांधा, म्हणजे बोटं पुढे आपटणार नाहीत, आणि दोन दिवस आधी नखं कापा. टाचेला जरासं चुरचुरलं की लगेच थांबून मायक्रोपोर टेप लावा. “पुढच्या थांब्याला बघू” म्हणेपर्यंत फोड आलेला असतो.

तुमच्या पेनकिलरच्या प्रश्नावर माझं उत्तर ठाम आहे: नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. एरवी निरोगी शरीर ते निभावून नेतं. पण दिवसभर घाम गाळलेलं, पाणी कमी पडलेलं शरीर आणि त्यात बीपीची गोळी असेल, तर मूत्रपिंडावर एकदम सगळीकडून ताण येतो. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, त्यांच्यासोबत तर हा धोका आणखी वाढतो. शिवाय दुखणं हा तुमचा सांगावा आहे. तो सकाळीच बंद केलात तर दुपारी रस्त्यावर थांबायचं की नाही, हे कशावरून ठरवणार? तुमच्या बीपीच्या डॉक्टरांकडे गोळीची पट्टी घेऊन जा आणि तीन प्रश्न विचारा. १२ तास उन्हातान्हात चालणार आहे, त्या दिवशीची गोळी कधी घेऊ? ओआरएसमधलं मीठ मला चालेल का? आणि अगदीच दुखलं तर काय घेऊ? बहुधा ते पॅरासिटामॉल सांगतील. स्वतःच्या मनाने बीपीची गोळी मात्र चुकवू नका. काही गोळ्यांनी नाडीचे ठोके दबलेले राहतात, त्यामुळे घड्याळातल्या हार्टरेटवर भरवसा नको. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय का, हे बघा. येत नसेल तर वेग जास्त आहे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर “थोडं बसते, बरं वाटेल” म्हणायचं नाही, लगेच सांगायचं.

आता तुमचा तो प्रश्न, जो तुम्हाला कुणालाच विचारता आला नाही.

मी ३१ वर्षांची असताना पहिल्यांदा मोठ्या चालीला गेले, खांडसहून भीमाशंकर. वीस-बावीस जणांत आम्ही दोघी बायका. मी सकाळपासून घोट घोटच पाणी प्यायले, कारण प्यायले तर जावं लागेल, आणि जायचं तर एवढ्या पुरुषांना “थांबा” म्हणावं लागेल. दुपारी तीनच्या सुमारास दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. एकाने माझी सॅक घेतली, दोघांनी मला धरून वर नेलं. घरी आल्यावर दोन दिवसांनी लघवीला जळजळ आणि ताप. मूत्रमार्गाचा संसर्ग, आठवडाभर अँटिबायोटिक. “थांबा” हा एक शब्द तोंडातून निघाला नाही एवढ्यासाठी. तेव्हापासून कितीतरी बायकांना मी डोंगरात हेच करताना पाहिलंय. पाणी कमी पिणं हा आपल्याकडच्या बायकांचा ट्रेकमधला सर्वांत मोठा धोका आहे असं माझं मत आहे, आणि त्याबद्दल कुठल्याही ग्रुपच्या सूचनांत एक ओळ नसते.

तर, व्यवस्था अशी. वेल्ह्यात निघण्याआधी मोकळं होऊन घ्या. ग्रुपमध्ये बायका किती आहेत ते आधी विचारा आणि त्यांच्यापैकी एकीशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा: दोघींनी मिळून जायचं, एक आडोशाला, एक वाटेवर पाठ करून उभी. लीडरला सांगायचं वाक्य तयार ठेवा, “आम्ही पाच मिनिटांत येतो, शेवटच्या माणसाला थांबायला सांगा.” बस, एवढंच. चांगल्या लीडरला हे रोजचं असतं, आणि ज्याला हे ऐकून अवघडायला होतं त्याने बायकांना डोंगरात नेऊ नये. वाट सोडून दहा-पंधरा पावलंच, कड्याच्या बाजूला नाही, डोंगराच्या बाजूला. बसण्याआधी काठीने गवत आपटून घ्या. पाण्याच्या टाक्यांपासून शंभर पावलं तरी लांब. एक जुनी ओढणी सॅकच्या वरच्या कप्प्यात असू द्या. आडोसा नसलेल्या सोंडेवर तीच आडोसा होते. टिश्यू वापरलात तर झिपच्या पिशवीत परत आणा, तिथे टाकू नका.

पाळी आली तर ट्रेक रद्द करण्याचं कारण नाही, पण तुमचा पहिला-दुसरा दिवस एरवी घरीही झोपून काढण्यासारखा जात असेल, तर त्या दिवशी डोंगर नको; तारीख बदलता येते. पॅड नेहमीपेक्षा दुप्पट न्या, वापरलेले गुंडाळून काळ्या पिशवीत, ती झिपच्या पिशवीत, आणि सगळं परत खाली. पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरत असाल तर फारच सोयीचं, पण तो पहिल्यांदा वापरण्याचा दिवस हा नव्हे. हात धुवायला अर्धा लिटर पाणी वेगळं ठेवा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, बीपी असताना तर नाहीच. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

पाणी किमान चार लिटर घेऊन निघा. तासाला साधारण अर्धा लिटर लागतं, डिसेंबरात थोडं कमी. राजगडावर पद्मावती देवीच्या देवळापाशी टाक्यांत पाणी असतं, पण ते थेट पिऊ नका, क्लोरीनची गोळी टाका. आणि तिथवर पोहोचायचंय हे विसरू नका. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकं गरगरतं. म्हणून डॉक्टर हो म्हणाले तर चारपैकी एक लिटर ओआरएसचं. एक लिटरचं पाकीट अख्खं एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत अर्धं पाकीट असं अंदाजाने नको. खाणं साधं: दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, दोन संत्री. भूक लागायची वाट न बघता दर तास-सव्वा तासाने दोन घास. वाटेत आणि गडावर गावातली मंडळी ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी देतात. जरूर घ्या, घासाघीस न करता पैसे द्या, पण ते मिळेलच या भरवशावर डबा हलका करू नका.

ग्रुपबद्दल मला थोडी काळजी आहे. ४५ माणसं ही या वाटेसाठी जास्त आहेत. त्यांना फोन करून विचारा: लीडर किती? सर्वांत शेवटी चालणारा अनुभवी माणूस कोण? ही वाट या पावसाळ्यानंतर तुमच्यापैकी कुणी चाललंय का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाला आहे? विमा आहे का? महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे, तीही विचारा. प्रश्नांनी चिडणाऱ्या आयोजकाबरोबर जाऊ नका. आमच्यासारख्या जुन्या मंडळींच्या मते सात-आठ माणसांमागे एक लीडर असावा. दोन लीडर आणि ४५ माणसं असं उत्तर आलं तर मुलीलाही पाठवू नका.

आणि मुलगी बरोबर असेल तर तिच्याशी एक करार करा. ती तुमच्यापेक्षा वेगाने चालेल, चालू दे, पण तुम्ही दोघी कायम एकमेकींना दिसत राहायचं. माचीच्या टोकाला, बुरुजाच्या कठड्यावर फोटोसाठी चढायचं नाही.

कड्यांना आग्या मोहोळं असतात. त्या दिवशी अत्तर, डिओ, सुगंधी तेल काही नको. गडावर धूर, फटाके, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता, ओढणीने डोकं-तोंड झाकून आल्या वाटेने लांब जायचं. साप थंडीत कमी दिसतात, तरी न दिसणाऱ्या कपारीत हात घालायचा नाही. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काहीही नाही. तो अवयव न हलवता माणसाला उचलून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं.

तुमच्या यजमानांची काळजी खोटी नाही, तिला काहीतरी काम द्या. एका कागदावर लिहून तो फ्रिजवर लावा: वाट कुठली, गाडीचा नंबर, लीडरचा आणि आणखी दोघांचा फोन, मी कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय, माझी गोळी कुठली. खाली उतरल्यावर मी फोन करीन. रात्री साडेआठपर्यंत फोन आला नाही तर लीडरला लावायचा. साडेनऊपर्यंत कुणाचाच लागला नाही तर ११२. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही गिर्यारोहकांची बचाव यंत्रणा आहे, तिच्या हेल्पलाइनचा नंबर तुमच्या दोघांच्याही फोनमध्ये आजच सेव्ह करा. रुग्णवाहिकेला १०८. असा कागद हातात असलेला माणूस घरी येरझाऱ्या घालत बसत नाही. त्याला कधी काय करायचं ते माहीत असतं.

येत्या रविवारी सिंहगडावरच्या त्या जीपवाल्याला नाही म्हणा. मग सोमवारी सकाळी तुमचा जिना उतरताना नेमकं काय दुखलं, मांडी की गुडघा, आणि कुठल्या बाजूला, ते मला लिहून पाठवा. पुढच्या रविवारचं त्यावरून ठरवू.

तुमची,
ताई